राणीसाहेब बंद पडत नाहीत

मंगळवार, ४ मार्च

आज डॉक्टरीणबाईंनी तारीख सांगितली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आजोबा होणार. लेक सध्या आमच्याकडेच आहे, कारण जावई बोटीवर इंजिनियर आहेत आणि बोट कुठे आहे असं विचारलं की तेही जरा विचार करून सांगतात. म्हणजे वेळ आली की लेकीला दवाखान्यात न्यायची जबाबदारी माझी. एवढ्या मोठ्या कामगिरीची नोंद राहावी म्हणून ही डायरी सुरू करतो आहे.

माझी जबाबदारी म्हणजे राणीसाहेबांची. राणीसाहेब ही आमची गाडी. विलायती बनावटीची, चारही चाकांनी ओढणारी, वयाने आमच्या लग्नापेक्षा मोठी. धरणाच्या कामावरची होती, लिलावात घेतली. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे गंजायचा प्रश्न नाही. दार आणि चौकटीत बोट जाईल एवढी फट आहे, त्यामुळे हवा खेळती राहते. इंजिनाखाली मी एक पत्र्याचा ट्रे ठेवतो. त्यात तेल दिसलं की आत तेल आहे याची खात्री पटते. या गाड्यांचं जगभर नाव आहे. वाळवंट, दलदल, बर्फ, कुठेही जातात. जिथे रस्ता संपतो तिथे ही गाडी सुरू होते, असं मी नेहमी सांगतो. आमच्याकडे सुरू व्हायला रस्ताही लागतो आणि उतारही, असं लेक म्हणते. पोरीला लहानपणापासून तोंड आहे.

लेकीच्या वेळी हिला दवाखान्यात राणीसाहेबांनीच नेलं होतं. मध्ये रेल्वे फाटकापाशी थोडा विसावा झाला, पण नेलं. ही आठवण मी आज जेवताना काढली. ही ताटं उचलून आत गेली. माझं जेवण व्हायचं होतं.

शनिवार, ८ मार्च

हिने हल्ली सकाळी फिरायला जायचं मनावर घेतलं आहे. सोबत तळमजल्यावरच्या बाई असतात. त्या मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. एक छोटीशी पांढरी गाडी, टपावर स्कूलची पाटी, पुढेमागे लाल 'एल', आणि शिकवणाऱ्याच्या पायाशीही वेगळा ब्रेक. अशा वाहनाला मी गाडी म्हणत नाही. रोज पहाटे खोकल्याशिवाय सुरू होते, यात तिचं काय कौतुक? तिला स्वभावच नाही.

फिरून आली की हिच्या अंगावर घामाचा थेंब नसतो, पण चेहरा मात्र पेपर सोडवून आल्यासारखा. आज म्हणाली, पुलाच्या वळणावर ट्रकवाले फार अंगावर येतात. मी म्हटलं, फूटपाथवरून चालत जा. बरं म्हणाली. नवा चष्माही केला आहे, आणि सपाट तळाचे बूट आणलेत. वयाप्रमाणे माणसाने प्रकृतीला जपावं, मला आवडलं.

रविवार, ९ मार्च

साडू आणि मेहुणी जेवायला आले. साडूंचा नळ आणि फरशांचा व्यापार. त्यांनी नवी गाडी घेतली आहे, ती दाखवायला आले असं म्हटलं तरी चालेल. गाडी राणीसाहेबांच्याच विलायती घराण्यातली, अगदी ताजी पिढी, म्हणून मी तिचं नाव युवराज ठेवलं. समोर पाटाएवढा पडदा. बसलं की सीट पाठ रगडून देते. आणि गाडी म्हणे हवेवर उभी असते. उतरायचं म्हटलं की आपली आपण खाली बसते.

खाली बसली खरी. जेवणं झाल्यावर निघाले तर डावी बाजू वर यायला तयार होईना. साडू म्हणाले, ती आराम करते आहे. मी जीभ आवरली. ही म्हणते, आवरली नाही.

त्याआधी जेवताना आमची दोघांची चांगलीच जुंपली होती. मी म्हटलं, नव्या गाड्यांनी घराण्याचं नाव घालवलं; कुठल्याही पाहणीत विश्वासार्हतेच्या यादीत खालून शोधावं लागतं. साडू म्हणाले, नाव घालवायला आधी ते जुन्यांनी कमवायला हवं होतं. शिवाय नव्या गाडीला अक्कल आहे, काय बिघडलं ते ती स्वतः पडद्यावर लिहून सांगते. मी म्हटलं, माझ्या गाडीचं काय बिघडलं ते मला नुसत्या आवाजावरून कळतं. मेहुणी ताक पिता पिता म्हणाली, म्हणजे बिघडतात दोन्ही. तिच्याकडे आम्ही लक्ष दिलं नाही.

शेवटी ठरलं असं की दवाखान्यात राणीसाहेब नेणार आणि युवराज राखीव राहणार. साडूंना राखीव हा शब्द झोंबला. लेकीला विचारलं तर म्हणाली, जी चालू असेल ती. आजकालच्या मुलांना परंपरेची कदर नाही.

गुरुवार, १३ मार्च

आज रंगीत तालीम. घर ते दवाखाना.

आमची गल्ली उताराची आहे. राणीसाहेब नेहमी नाक खाली करून उभ्या असतात, चाकाला दगड. दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की इंजिन बोलतं. याला कोणी दोष म्हणेल, मी तंत्र म्हणतो. लेकीला घरीच ठेवलं, हिला शेजारी बसवलं.

जकात नाक्याच्या सिग्नलला राणीसाहेब थांबल्या. मी उतरलो, बॉनेट उघडलं, पेट्रोलच्या पंपाला स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टिचक्या मारल्या, मागच्या रिक्षावाल्यांची शेलकी भाषा ऐकली, आणि आम्ही निघालो. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. राणीसाहेब बंद पडल्या नाहीत. बंद पडणं म्हणजे दुसऱ्या वाहनाने घरी यावं लागणं. त्या थांबल्या. वजनमाप खात्यात निरीक्षक असताना 'साहेब, काटा खोटा नाही, जरासा अडतो' म्हणणारे दुकानदार मला रोज भेटत, आणि मी त्यांचा काटा जप्त करत असे. पण ती गोष्ट वेगळी. ते लबाड होते.

हिचं मात्र आज काहीतरी बिनसलं होतं. चढ लागायच्या आत म्हणाली, 'सेकंड टाका.' मी टाकणारच होतो. प्रत्येक वळणावर हिचा उजवा पाय खाली जोरात दाबला जात होता. गुडघा धरला असणार. घरी आल्यावर तेल चोळ म्हणून सांगितलं. हसली.

बुधवार, १९ मार्च

आज साडूंची तालीम. मी निरीक्षक म्हणून बरोबर गेलो. जुनी सवय.

युवराज निघाले ते लोण्यावरून घसरावं तसे, हे कबूल करायला हवं. पण उड्डाणपुलावर पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली आणि गाडीचा वेग आपोआप सायकलएवढा झाला. साडूंनी पेडल कितीही दाबलं तरी तिला काही सोयरसुतक नाही. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, ती स्वतःचं रक्षण करते आहे. मी म्हटलं, आणि आपलं कोण करणार? आमच्या उजवीकडून एक म्हाताऱ्या बाई हातगाडी घेऊन पुढे निघून गेल्या.

पुलाच्या टोकाला गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर सगळं ठीक. साडू म्हणाले, बघा, आपली आपण बरी झाली, कोणाला हात लावावा लागला नाही. मी त्यांना थांबणे आणि बंद पडणे यातला फरक समजावून सांगितला. तो त्यांना ताबडतोब पटला. इतक्या वर्षांत आमचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. परतताना मला त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटायला लागला.

घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, 'छान. म्हणजे आता दोन झाल्या.'

काय दोन झाल्या, ते सांगितलं नाही.

सोमवार, २४ मार्च

आज मनाला लागलं, म्हणून लिहितो.

तपासणीत लेकीचं ब्लड प्रेशर थोडं वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरायचं कारण नाही, पण कळा सुरू झाल्या की वाट बघत बसू नका, लगेच या. संध्याकाळी मी गॅलरीत पाना पुसत बसलो होतो. लेक शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, 'बाबा, खरं सांगा हं. आपण वेळेवर पोचू ना?'

मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण तिने माझ्याकडे पाहिलं तशी ती लहानपणी शाळेच्या फाटकात उभी राहून बघायची. तेव्हा मी न्यायला पोचायचो, नेहमी पोचायचो, फक्त बाकीची मुलं गेलेली असायची. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, पोचू. शब्द दिला. हाताला ग्रीस होतं ते नंतर लक्षात आलं.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते आहे. राणीसाहेबांवर माझा विश्वास आहेच. पण आज झोपण्याआधी खाली जाऊन चाकाचा दगड दोनदा तपासून आलो.

शुक्रवार, २८ मार्च

आज ही फिरून आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन. तळमजल्यावरच्या बाईही सोबत, दोघींचे चेहरे फुललेले. विचारलं तर म्हणाली, 'पास झाले.' कशात? 'तब्येतीच्या तपासणीत.' लेक एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. गुडघा सुधारलेला दिसतो. मी पेढा खाल्ला.

मंगळवार, १ एप्रिल

दिवस भरले. शब्द दिला आहे, आता कसूर नको. विचार केला, ऐन वेळी दगा होण्यापेक्षा आजच सगळं साफ करून ठेवावं. कार्बुरेटर खोलला. खोलल्यावर दिसलं की पंपही खोलायला हवा. पंप खोलल्यावर नळी हातात आली. सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. कधी नव्हे ते मला शांत वाटलं. राणीसाहेबांच्या पोटात नेमकं काय आहे ते आता माझ्या डोळ्यांसमोर आहे, काहीही लपलेलं नाही.

ही चहा घेऊन आली, कागदावर पसरलेला संसार बघत उभी राहिली. म्हणाली, 'हे आज?' मी म्हटलं, काळजी नको, उद्यापर्यंत जोडतो. ही आत गेली आणि कोणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलली.

साडूंना फोन केला. त्यांनाही तीच हुरहूर. ऐन वेळी पिवळी अक्षरं नकोत म्हणून ते उद्या युवराजांच्या अकलेची नवी आवृत्ती भरून घेणार आहेत. गाडी दारातच उभी राहते आणि कंपनीकडून अक्कल हवेतून येते. मी म्हटलं, उत्तम. दोघांनीही आपापली गाडी अशी पणाला लावली, याचं मला फार समाधान वाटलं.

बुधवार, २ एप्रिल

एक स्प्रिंग सापडत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

सकाळी चहा झाला होता. मी गॅलरीत गुडघ्यावर बसून स्प्रिंग शोधत होतो. लेक दारात आली, भिंतीला धरून. म्हणाली, 'बाबा, चला.' आवाज साधाच होता. मी तिच्याकडे पाहिलं, मग कागदावरच्या पंचवीसेक तुकड्यांकडे पाहिलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं आहे.

साडूंना फोन लावला. त्यांचा आवाज रडवेला. रात्रभर अक्कल भरणं चालू होतं, ती अर्ध्यावर अडकली. युवराज चारही बाजूंनी जमिनीवर बसलेत, दारं उघडत नाहीत, आणि पडद्यावर नुसतं एक चक्र फिरतं आहे. म्हणाले, 'साडूभाऊ, बंद पडली नाहीये हो. विचार करते आहे.'

मी रिक्षा बघायला जिन्याकडे धावलो. तर खाली पांढरी गाडी उभी. तळमजल्यावरच्या बाई मागचं दार उघडून उभ्या. मागून ही लेकीला धरून एकेक पायरी उतरली, खांद्यावर भरलेली पिशवी, पायात ते सपाट बूट. लेकीला मागे बसवलं आणि स्वतः पुढे स्टिअरिंगवर बसली. मी म्हटलं, अगं, गाडी कोण चालवणार? म्हणाली, 'मी.' बाई म्हणाल्या, 'बसा काका, लायसन्स आहे त्यांचं. आणि ब्रेक माझ्याही पायाशी आहे.'

मी बसलो. हातात कार्बुरेटरचा फ्लोट तसाच होता.

एका मिनिटात मला सगळं कळलं. फिरणं, ट्रक, चष्मा, गुडघा, पेढे. कळलं आणि कानशिलं तापली. घरातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. जिच्या डोक्यावर हात ठेवून मी शब्द दिला त्या लेकीनेही सांगितलं नव्हतं.

ही चालवते चांगली. घाई नाही, झटके नाहीत. आरशात बघते, आम्ही पुरुष सहसा त्यात भांग बघतो. लेक माझा हात आवळत होती, मी 'आलंच, आलंच' म्हणत होतो. चौकात मी म्हटलं, डावीकडे घे, रेल्वे फाटकावरून जवळ पडतं. हिने सरळ घेतली, पुलाकडे.

'फाटकावरून नको,' म्हणाली. मग समोरच बघत, आवाज न चढवता: 'तिथे मी एकदा बसले होते. तुम्ही बॉनेटमध्ये होता. मी हाका मारत होते तर तुम्ही म्हणालात, एक मिनिट, आवाज ऐकू दे.'

मी इतकी वर्षं हा किस्सा सांगतो, तो मी नेहमी बॉनेटकडूनच सांगितला आहे. सीटवर कोणी होतं हे माझ्या ध्यानात होतं, पण ती काय करत होती हे नव्हतं.

आम्ही वेळेवर पोचलो. वेळेवर म्हणजे डॉक्टरीणबाई हातमोजे घालता घालता म्हणाल्या, बरं झालं, उशीर केला नाहीत. दुपारी मुलगी झाली. लेक बरी आहे, नातही. मी रडलो. साडू बसने आले, तेही रडले. आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसून रडलो आणि दोघांपैकी एकानेही गाडीचा विषय काढला नाही.

शनिवार, ५ एप्रिल

स्प्रिंग माझ्या शर्टाच्या खिशात होती. गाडी जोडली. आता विकून टाकावी का, असं मनात आलं. हिला विचारलं. म्हणाली, 'गाडीने काय केलंय?'

सोमवार, ७ एप्रिल

आज लेकीला आणि नातीला दवाखान्यातून घरी सोडलं. मी रिक्षा ठरवणार होतो. लेक म्हणाली, 'नको बाबा. घरी न्यायला राणीसाहेब आणा. आता घाई नाहीये.' खरं सांगतो, एवढा मोठा मान मला खात्यातल्या निरोप समारंभातही मिळाला नव्हता.

राणीसाहेबांनी मला दवाखान्यापर्यंत नेलं. फक्त एकदा थांबल्या. मी पोर्चच्या उतारावर नाक खाली करून लावली, चाकाला दगड दिला. लेक मागे बसली, मांडीवर नात, शेजारी मेहुणी. मी पुढचं दार उघडायला गेलो तर हिने हात पुढे केला. म्हणाली, 'चावी.'

तीस वर्षं ही चावी माझ्याशिवाय कोणी फिरवलेली नाही. घरी ती दाराशेजारच्या खिळ्यावर असते आणि त्या खिळ्यालाही कोणी हात लावत नाही. मी म्हटलं, 'अगं, हिचं तंत्र वेगळं आहे. उतारावर ढकलावी लागते.' ही म्हणाली, 'मग ढकला ना. ते तुम्हाला चांगलं जमतं.'

चिडवून म्हणाली नव्हती. मी चावी दिली. साडू तिथेच उभे होते, कारण युवराजांना परवा ट्रकवर घालून कारखान्यात नेलं आहे आणि अजून ते विचारच करत आहेत. साडूंनी बाह्या सरसावल्या. जुन्या घराण्याला खांदा लावताना त्यांच्या तोंडून एकही टोमणा निघाला नाही. मी दगड काढला, दोघांनी जोर लावला, राणीसाहेब घरंगळल्या. हिने दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, नेमका जिथे सोडायला हवा तिथे. एक धक्का, काळा धूर, आणि इंजिन बोललं. मागच्या काचेतून मेहुणीने हात हलवला.

मी धावलो, आता थांबेल म्हणून. थांबली नाही. बरोबरच होतं, थांबली असती तर पुन्हा सुरू करायला उतार कुठून आणायचा? दवाखान्याच्या फाटकातून डावीकडे वळून राणीसाहेब दिसेनाशा झाल्या. साडू धापा टाकत म्हणाले, 'आपलं काय?' मी म्हटलं, आपण चालू.

दोन फोर-व्हील ड्राइव्हचे मालक दवाखान्यापासून घरापर्यंत चालत आलो. वाटेत साडूंनी एकदा घाम पुसताना विचारलं, ठरलेल्या व्याख्येप्रमाणे आपण बंद पडलो की थांबलो? मी विचार करून सांगतो म्हटलं.

घरी आलो तर राणीसाहेब गल्लीत, नाक खाली, चाकाला दगड, खाली ट्रेसुद्धा सरकवलेला. वर चहाचा वास. लेक म्हणाली, बाबा, वाटेत एकदासुद्धा थांबली नाही. सिग्नलला आई नुसती रेंगाळत नेत होती, हिरवा होईपर्यंत. नातीने डोळेही उघडले नाहीत म्हणे.

मी हातपाय धुतले. सवयीने दाराशेजारी बघितलं. खिळा रिकामा होता. चावी हिच्या पर्समध्ये असणार. मी विचारलं नाही.